गावपळणीच्या दुपारची रेघ

सवकास मास्तर चालायला लागले की नवख्या माणसाला वाटायचं, यांच्या पायात काटा मोडलाय. आधी बोटं, मग चवडा, मग हलकेच टाच. प्रत्येक पाऊल जमिनीची परवानगी घेऊन टाकल्यासारखं. चपला हातात. शाळेच्या पडवीत पोरं धडाधड धावली की ते छडी उगारत नसत. भिंतीला तळहात लावून, डोळे मिटून उभे राहत आणि कळवळून म्हणत, "सवकास रे मेल्यांनू, सवकास! जमीन आयकता." एवढ्यावरून त्यांचं सवकास मास्तर झालं ते कायमचं. खरं नाव मस्टरपुरतं उरलं.

मी त्याच शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवत होते. जिल्हा नुकताच रत्नागिरीपासून वेगळा झाला होता, गावात वीज आली होती पण टिकत नव्हती. आमचं गाव आचऱ्याच्या बाजूला, खाडीला लागून. घरात सासूबाई आणि मी. नवरा मालवाहू बोटीवर, सहा-सहा महिने तोंड दिसायचं नाही. आणि मी भित्री! हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. पालीला भिते, काळोखाला भिते, रिकाम्या घराला भिते. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की हातातलं भांडं आधी खाली ठेवायचे. तारबीर असली तर निदान भांडं तरी पडायला नको.

मास्तर मूळचे आमच्याच गावचे, पण पन्नाशीपर्यंत बाहेर होते. आधी मुंबईत, मग परदेशात, कसल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत. लग्न केलं नाही. परत आले ते एक ट्रंक आणि एक दांडा घेऊन. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, पुरुषभर लांब, माडाच्या खोडाएवढा जाड, कुठल्याशा प्रयोगशाळेने मोडीत काढलेला. वेशीच्या आत एक बंद पडलेली चिरेखाण होती. तिच्या तळाशी चिऱ्यांची खोली बांधून आठ गड्यांकरवी मास्तरांनी तो दांडा तारेने आडवा टांगला. हादरे शोषायला सायकलच्या जुन्या ट्यूबांचे थर. दांड्याच्या कमरेला सुपारीएवढे स्फटिक चिकटवलेले, त्यांतून वायरी निघालेल्या, आणि शेवटी एक सुई. ती फिरत्या कागदावर अष्टौप्रहर रेघ काढत असायची. गावाने चार दिवस येऊन येऊन बघितलं आणि पाचव्या दिवशी बघायचं सोडलं.

"हेचा काय करतास, मास्तर?" असं कोणी विचारलं की म्हणत, "वाट बघतंय."

"कोणाची?"

"लाटेची."

मैलभरावर समुद्र गर्जत असताना लाटेची वाट बघायला खाणीत कशाला बसायचं, हे कोणाला कळत नसे. लोक मान हलवून पुढे जात.

मला मात्र त्यांनी एकदा शिक्षकांच्या खोलीत बसवून समजावलं होतं. सफरचंदवाल्या साहेबाचा जुना नियम त्यांना प्रिय होता, त्याच्याविषयी ते घरच्या म्हाताऱ्याविषयी बोलावं तसं बोलत. "वायट नाय हां तो. भरती-ओहोटी त्याच्यावरच चलता, पडणारो नारळ त्याच्यावरच चलता. फक्त सूर्याच्या फार जवळ, बुधापाशी गेलो की किंचित चुकता." मग शाळेतली भाषा आठवून म्हणाले, "बाई, समजा या क्षणी सूर्य नाहीसा झाला. पृथ्वीला कधी कळेल?"

मी म्हटलं, "लगेच."

"जुना नियमही तेच म्हणतो. पण बघा, मुंबईची तार मालवणात यायला अर्धा दिवस लागतो, आणि सूर्याची बातमी वेळ न घेता कशी येईल? आठ मिनिटं लागणार. तेवढी आठ मिनिटं आपण नसलेल्या सूर्याभोवती फिरत राहू. ऊनसुद्धा पडलेलं असेल. तुम्ही कपडे वाळत घालत असाल." ती बातमी जी घेऊन येते तीच ती लाट, गुरुत्वाकर्षणाची. आकाशात कुठे दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की ती उठते, आणि जाताजाता सगळ्याला किंचित ताणते, किंचित दाबते. तुम्हाला, मला, दांड्याला. इतकं किंचित, की अणूसुद्धा त्यापुढे डोंगर.

त्यांचे डोळे लकाकत होते, आणि मला समोर ती मालवाहू बोट दिसत होती. नवऱ्याचं पत्र येऊन दोन महिने झाले होते. तो आहे म्हणून मी कुंकू लावते, लोणच्याला मीठ घालते, आणि तिकडे काही झालेलं असलं तर? मी चिडलेच. "असलं काहीतरी सांगत जाऊ नका हो मला!" मास्तर चपापले. मग अगदी हळू म्हणाले, "भियां नको गो बाय. बातमी पोचता. उशिरा पोचता, पण पोचता." पुढच्या आठवड्यात नवऱ्याचं पत्र आलं, तेव्हा माझ्याआधी मास्तरांनीच सुस्कारा सोडला.

सुईला लाट सापडली नाही, पण बाकी सगळं सापडायचं. समुद्र खवळला की रेघ जाड व्हायची. एस.टी. आली की काटेरी झुबका उठायचा. मास्तर कागद बघून सांगत, "आज पावणेदहाची गाडी वीस मिनिटं उशिरा." एकदा खाणीशेजारच्या काकूंचे नारळ चोरीला गेले. मास्तरांनी कागद उलगडला आणि म्हणाले, "दुपारी सव्वादोनला नऊ नारळ पडले. एकेक करून. म्हणजे काढणारा एकटा होता." सव्वादोनला गावात रिकामा असणारा माणूस एकच होता, त्याने संध्याकाळी निमूट नारळ आणून दिले. त्या दिवसापासून खाणीवरून जाताना लोक जरा जपून पाय टाकू लागले. मीसुद्धा. मी काही चोरलं नव्हतं, पण आपलं चालणं कोणीतरी लिहून घेतंय म्हटल्यावर माझ्यासारखीला घाम फुटणारच की.

पण एवढं सगळं ऐकणाऱ्या सुईला लाट ऐकू यायची तर आधी गाव गप्प व्हायला हवं, ही मास्तरांची खंत. आणि त्याखाली एक भीती. परदेशात त्यांच्या मोठ्या साहेबाने छातीठोकपणे जाहीर केलं होतं, लाट ऐकू आली. त्या शोधनिबंधावर मास्तरांचीही सही होती. मग इतर देशांत तसलेच दांडे टांगले गेले, आणि त्यांना काहीसुद्धा ऐकू आलं नाही. सगळे हसले. साहेब अडून बसला, मास्तर गावी निघून आले. मला म्हणाले होते, "एका ठिकाणी ऐकलेला तो भास धरावा. लांबच्या दोन ठिकाणी, एकाच वेळी ऐकू आला तरच खरा. हे तेव्हा माका कळाक होया होता. परत खोटी हाक मारली तर मी संपलो, बाई. मग शाळेत तोंड दाखवूचो नाय."

अशात त्या वर्षी गावपळण आली.

बाहेरच्यांसाठी सांगते. आचऱ्याची आणि आसपासच्या दोन-तीन गावांची ही रीत आहे. तीन-चार वर्षांनी देवाला कौल लावतात, म्हणजे पाषाणाला पाकळ्या चिकटवून विचारतात, आणि आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवाने हो म्हटलं की ढोल वाजतो, आणि अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. तीन दिवस, तीन रात्री. बाहेर माडाच्या झापांच्या राहुट्या, भजनं, फुगड्या, माशांचं कालवण, नुसती धमाल. आत चिटपाखरू नाही. ते तीन दिवस गाव देवाचा आणि त्याच्या पाठीराख्यांचा. त्या काळात आत पाऊल टाकलं तर काय होतं, ते कोणी बोलत नाही, आणि न बोलल्यामुळेच जास्त भीती वाटते.

मास्तर मानकऱ्यांकडे गेले. मानकरी म्हणजे देवळातल्या मानाचे म्हातारे. म्हणाले, दांडा आत राहू द्या, सुई चालू राहू द्या, मी बाहेर येतो. थोरल्या मानकऱ्याने बराच विचार करून विचारलं, "तेका जीव आसा?"

"नाय."

"मगे ऱ्हवांदे."

मास्तरांनी तीन दिवसांचा कागद भरला, ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडल्या आणि आमच्याबरोबर बाहेर आले. उभ्या आयुष्यात त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. लहान मुलासारखे सारखे वेशीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपार चढताना सासूबाईंच्या छातीत दुखू लागलं. जिभेखाली ठेवायच्या त्यांच्या गोळ्या स्वयंपाकघरातल्या फडताळात राहिल्या होत्या. मीच विसरले होते, मीच! मालवणची गाडी तीन तासांनी. मी इकडेतिकडे बघायला लागले तशी त्यांनी माझा हात धरला. घामाने थबथबलेल्या, पण आवाज खणखणीत. "मी मेलंय तरी चलात, पण शिवेच्या आत पाय टाकू नको हां." म्हटलं, "नाही हो, रस्त्यावर कोणाकडे मिळतात का बघते." आणि करवंदीच्या जाळीआडून मी आत शिरले.

भर दुपारचे बारा. रात्र परवडली असती. रात्री निदान दिसत तरी नाही. इथे सगळं लख्ख दिसत होतं आणि कुठेच कोणी नव्हतं. दारं ओढून घेतलेली, तुळशी कोरड्या, विहिरीवर कळशी नाही. कावळासुद्धा ओरडेना. आपल्याच गावातल्या ओळखीच्या घरांची इतकी भीती वाटेल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. प्रत्येक खिडकीआड कोणीतरी श्वास धरून उभं आहे असं वाटत होतं. मी मनात देवाला म्हणत होते, एकदाच, बा देवा, म्हातारीसाठी, परत नाही येणार. आणि खाणीजवळ आले तेव्हा एकदम आठवलं. सुई! नारळ पडला तरी लिहिते ती!

पाय जमिनीला खिळले. देव कदाचित माफ करील, पण कागद कसा माफ करणार? मग मी चपला हातात घेतल्या आणि मास्तर चालतात तशी चालायला लागले. आधी बोटं, मग चवडा, मग हलकेच टाच. गुडघे लटलट कापत होते. खाणीचं वळण ओलांडायला नेहमी दोन मिनिटं लागायची, त्या दिवशी दहा लागली असतील. घरात शिरले, गोळ्या कनवटीला लावल्या, आणि परत त्या वाटेला न जाता खाडीच्या बाजूने चिखलातून पळत सुटले ती वेशीबाहेर येऊनच थांबले. गोळी जिभेखाली गेली, सासूबाईंना उतार पडला. "खंय गावली गो?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "एका मालवणच्या माणसाकडे." पायावरचा चिखल मी आधीच धुतला होता.

चौथ्या दिवशी कौल झाला, गाव परत आला. संध्याकाळी शाळेच्या मैदानात मास्तर माझ्याकडे आले ते चक्क धावत! सवकास मास्तर, धावत! मला खाणीत नेलं आणि कागद पसरला. तीन दिवसांची सरळ रेघ, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारानंतर एक उंचवटा. हलकेच चढलेला, हलकेच उतरलेला. "बघा बाई. पाऊल नाही, गाडी नाही, नारळ नाही. गावात तर कोणीच नाही. अशी रेघ मी जन्मात पाहिली नाही." त्यांनी बोट त्या उंचवट्यावरून फिरवलं. "मुंबईच्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिलंय, लाट सापडली म्हणून. शनिवारच्या टपालात टाकणार."

 मी "छान आहे" म्हटलं आणि घरी आले.

दोन दिवस मी अन्नाला शिवले नाही म्हटलं तरी चालेल. सांगावं तर गावपळण मोडल्याचं पाप उघडं पडणार. गावात दोन गुरं दगावली होती आणि कुजबूज सुरू झाली होती, कोणीतरी शिव ओलांडली. सासूबाईंना कळलं तर त्या मला घरात ठेवतील, पण माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत. न सांगावं तर हा साधा माणूस पुन्हा सगळ्या जगात हसं करून घेणार, आणि या वेळी माझ्या पायांमुळे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी खाणीत उतरले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

मास्तर ओरडले नाहीत. दांड्याजवळ खाली बसले. चेहरा एकदम म्हातारा झाला. मग उठले, सुई चालू केली आणि म्हणाले, "चला. त्या दिवशी चाललात तशा चालून दाखवा."

मी चपला हातात घेऊन खाणीच्या वळणावरून चालले. भीती आणावी लागली नाही, ती होतीच. परत आले तर कागदावर तोच उंचवटा. मास्तरांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले, आणि भिंग माझ्या हातात दिलं. "हे बारीक दाते दिसतात? हे तुमचे गुडघे. मला हे पहिल्याच दिवशी दिसले होते, बाई. लाटेला असले दाते नसतात हेही ठाऊक होतं. दिसूनही मी सोडून दिले. माझ्या साहेबाने नेमकं हेच केलं होतं." मग मुंबईच्या पत्राचं पाकीट काढून त्याचे चार तुकडे केले. "वाचवलंस गो माका." आणि डोळे पुसत हसायला लागले. "पण इतक्या सवकास कोण चलात, हा माझ्या ध्यानातच इला नाय!"

रविवारी देवळात कौल लागला. प्रश्न होता, गावपळणीत कोणी आत गेलं होतं का. सगळा गाव गाभाऱ्याकडे बघत होता. उजवी पाकळी पडली. थोरला मानकरी वळून म्हणाला, "कोण गेललो तेना आपणान उबा ऱ्हवचा." सासूबाई माझ्याशेजारी होत्या, त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. मला वाटलं, माझं काळीज देवळाच्या घंटेसारखं सगळ्यांना ऐकू येत असणार. मी उठायला गेले, खरंच सांगते, उठायला गेले, पण पाय हललेच नाहीत.

पुरुषांच्या बाजूने मास्तर उभे राहिले. "मी गेललंय. यंत्र बंद पडला काय ता बगूक."

एकदाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मानकऱ्यांनी आपापसांत बोलून निकाल दिला. माणसाला देव माफ करील, पण ज्याच्यापायी शिव मोडली ते यंत्र वेशीच्या आत राहणार नाही. रागाने नव्हे, वाईट वाटूनच सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली. आणि मी? मी सासूबाईंचा हात धरून घरी आले आणि भात लावला.

आठवड्याने दांडा बैलगाडीवर चढला. मास्तरांची बहीण कुडाळला होती, तिच्याकडे ते निघाले. तिथे घरापुढून दिवसभर ट्रक जायचे. दांडा पुन्हा टांगण्यात अर्थ नव्हता, ते त्यांनाही ठाऊक होतं. मी वेशीपर्यंत गेले. तोंडातून एवढंच निघालं, "मी सांगते, मास्तर. आताच जाऊन सांगते." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला, गावपळणीचाच तो तुकडा. म्हणाले, "देवळातली पाकळी आणि माझी सुई, दोघांनी एकच सांगितला. दोन यंत्रां जुळली गो! आयुष्यात पयल्यांदा." आणि मग, "बातमी पोचतली. घाय नाय." गाडी हलली, आणि ते गाडीवानाला म्हणाले, "सवकास रे."

मी कुडाळला कधी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. कोणत्या तोंडाने जाणार होते? काही वर्षांनी त्यांच्या बहिणीचं कार्ड आलं. मास्तर जाऊन चार दिवस झाले होते. त्या चार दिवसांत मी सांडगी मिरच्या वाळत घातल्या होत्या, रेडिओबरोबर गुणगुणले होते, शेजारणीशी भांडलेसुद्धा होते. 

मग खूप वर्षांनी, सासूबाई गेल्यावर, नवरा कायमचा घरी आल्यावर, टीव्हीवर बातमी लागली. एकमेकांपासून शेकडो कोसांवरच्या दोन यंत्रांनी एकाच वेळी लाट ऐकली. रेघ दाखवली त्यांनी. चढलेली, उतरलेली. नवरा म्हणाला, "रडतेस काय गो? तुझी कोण लागता ती लाट?" मी उठले. आत जाऊन ट्रंकेतला कागद काढला आणि भिंगाखाली माझे गुडघे बघत बसले.

यंदा परत गावपळण झाली. राहुटीत तरुण पोरं बोलत होती, पूर्वी एक वेडा मास्तर होता, त्याने गावपळण मोडली म्हणून त्याला गावाबाहेर काढला. मी तिथेच बसले होते. तेव्हाही माझ्याच्याने तोंड उघडवलं नाही. म्हणून आता लिहिते. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

गावकऱ्यांनो, त्या दुपारी शिवेच्या आत मी गेले होते. मास्तर गेले नव्हते. ते दिवसभर तुमच्यातच बसून होते, वेशीकडे बघत. ही बातमी तुमच्यापर्यंत यायला इतकी वर्षं लागली. सवकास का होईना, पोचली.